बाईंचे सात मासे

बाई,

काल सकाळी मला मासा टोचला. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळेला तुम्ही शेजारी होतात, या वेळेला माझी मुलगी होती, आणि मधे किती वर्षं गेली ते मी मोजत नाही, कारण मोजलं की केस रंगवायची आठवण होते. बोटही तेच, उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं. दोन तास जीव नको झाला, आणि आज रविवारी दुपारी त्याच हाताने हे लिहिते आहे तर अक्षर जरासुद्धा हललेलं नाही. म्हणून तर लिहायला बसले. त्या पहिल्या डंखापायी तुम्ही तुमचे सात मासे घराबाहेर काढलेत, माझं मात्र सगळं मार्गी लागलं, आणि या दोहोंच्या मधली एक गोष्ट मी तुम्हाला शेवटपर्यंत सांगितली नाही. ती आज सांगणार आहे. पण तुमच्याच पद्धतीने, आधी मागचा धडा आणि मग पुढचा.

मी हिंगोलीकडची. अब्बा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत गुरुजी, घरात बोलणं दखनी, अभ्यास मराठीत, आणि समुद्र फक्त नकाशात पाहिलेला. स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत आले आणि मुनिरकातल्या एका खोलीत तिघीजणी राहायला लागलो. खिडकी उघडली की हात समोरच्यांच्या स्वयंपाकघरात जायचा, अशी ती खोली. महिन्यातून एकदा पोह्यांची आठवण अनावर झाली की मी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात जायचे. तिथे तुम्ही शेजारच्या टेबलावर होतात. मी खाता खाता प्राण्यांचे वर्ग पाठ करत होते आणि तुम्हाला राहवलं नाही. "अगं, चुकीचं पाठ करते आहेस. आणि तेही तोंडात घास घेऊन." मी म्हटलं, पुस्तकात असंच दिलंय. "अच्छा? मग पुस्तकाला नापास कर." तुम्ही दिल्लीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून नुकत्याच निवृत्त झाला होतात, यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात होता, हे सगळं चहा येईपर्यंत कळलं. चहा संपेपर्यंत ठरलंसुद्धा, की दर रविवारी सकाळी मी मयूर विहारला तुमच्या घरी यायचं. माझं मत कुणी विचारलं नाही.

तुमच्या बैठकीच्या खोलीत पुस्तकांची कपाटं असतील असं मला वाटलं होतं. तिथे भिंतभर काचेचा टँक होता आणि त्यात सात मासे. बोटभर लांब, कॉफीच्या रंगाचे, अंगावर लांबच लांब पांढरे पट्टे, तोंडाभोवती मिशा आणि शेपटी वाम माशासारखी निमुळती. शिंगाळ्याच्या भावकीतले, असं तुम्ही सांगितलंत. तुमच्या माहेरी रत्नागिरीकडे जाळ्यात हे आले की कोळी आधी शिव्या घालतात. पाठीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक असे तीन काटे, दातेरी, आणि तिन्ही विषारी. सातही जण एकमेकांना चिकटून, एकच गोळा होऊन वाळूवरून गडगडत जायचे. पुढचे मागे, मागचे पुढे, वाळू उकरत, खात. तुम्ही त्यांना मंडळी म्हणायचात. हे एकमेकांना वासाने ओळखतात आणि एकट्याला वेगळं काढलं तर तो धड जेवत नाही, हे मला तुमच्याकडूनच कळलं. दार उघडलंत की आधी मंडळींची खबर, मग माझी. "मंडळींनी आज कोळंबी नीट खाल्ली नाही. तू खाल्लंस का काही?"

पहिला ओरडा मला मिठावरून बसला. मे महिना, दिल्लीची लू म्हणजे भाजणारा वारा, टँकचं पाणी दोन बोटं खाली गेलेलं. तुम्ही बाजारात गेला होतात. मी हुशारी करून बादलीभर पाण्यात ते समुद्राचं पाणी बनवायचं मीठ कालवलं आणि पातळी भरून काढली. खाऱ्या पाण्यात माणूस खारंच पाणी घालणार ना. तुम्ही आलात, पिशवी हातात तशीच ठेवून खारटपणा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडलीत आणि माझ्याकडे वळलात. "मीठ कुठे उडून गेलं होतं? उडालं ते पाणी. मीठ होतं तिथेच आहे. वरून घालायचं ते स्वयंपाकघरातलं आरओचं, साधं. बारावीला काय शिकलीस तू?" मग संध्याकाळपर्यंत आपण दोघी मगाने थोडं खारं काढतोय, थोडं साधं घालतोय, पुन्हा मोजतोय, कारण एकदम बदललं तर मंडळींना सोसणार नाही. ओरडा अर्धा मिनिट चालला आणि निस्तरणं पाच तास, आणि त्या पाच तासांत तुम्ही माझ्या चुकीचा पुन्हा उच्चारही केला नाहीत. मला ओरडणारे पुष्कळ भेटले, बाई. ओरडून झाल्यावर सोबत बसून निस्तरणाऱ्या तुम्ही एकट्याच.

रमजानातल्या रविवारी तुम्ही स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचात, फोडणीचा वास मला छळू नये म्हणून, आणि त्या बंद दाराआडून मोठमोठ्याने प्रश्न विचारायचात. मी बाहेरून तेवढ्याच मोठ्याने उत्तरं द्यायचे. शेजारच्या काकूंना वाटायचं आपलं भांडण चाललंय. संध्याकाळी मला थांबवून घ्यायचात आणि कुठल्यातरी डब्यातून खजूर काढायचात, जणू काही ते तुमच्या घरात बारा महिने असतात.

मुख्य परीक्षेच्या दोन महिने आधी तुम्ही मला एक वही दिलीत. जीवरसायनाची, तुमच्या हाताने लिहिलेली, मराठीत, कारण मी पेपर मराठीतून लिहिणार होते आणि त्या भागाचं मराठीत मला धड पुस्तक सापडत नव्हतं. आकृत्या तीन रंगांच्या पेनांनी काढलेल्या. किती दिवस लागले असतील तुम्हाला, पाठीचं दुखणं सांभाळून. आणि मी काय केलं, तर ती वही उशाशी ठेवली आणि उघडली नाही. जीवरसायन मला आवडत नाही असं मी म्हणायचे. भीती वाटायची म्हणणं जास्त खरं. दर रविवारी तुम्ही विचारायचात, "वही झाली?" आणि मी म्हणायचे, "होत आलीय, बाई." मग एके दिवशी "झाली" म्हणून टाकलं. तिकडे अब्बांनी बजावून ठेवलेलं, यंदा शेवटचं, जमलं नाही तर परत यायचं. परभणीचं एक स्थळ माझ्यासाठी थांबलं होतं. एवढं सगळं डोक्यावर असताना माणूस समोरची वही का उघडत नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

शेवटचा पेपर मंगळवारी होता, प्राणिशास्त्राचा दुसरा, ज्यात जीवरसायन येतं. रविवारी मी नेहमीसारखी तुमच्याकडे. मंडळींतल्या एकाचा पर दगडाला घासून फाटला होता आणि त्याला औषधासाठी वेगळ्या भांड्यात काढायचा होता. तुम्ही स्वयंपाकघरातून हाक मारून सांगितलंत, "जग घे, जाळी नको. जग बुडवायचा आणि तो आपण होऊन आत येईपर्यंत थांबायचं." जग कुठे होता? तुमच्यासमोर ओट्यावर, घासून उपडा ठेवलेला. जाळी माझ्या हाताशी खिळ्याला टांगलेली. दहा पावलं चालायचा कंटाळा, बाकी काही नाही. मी जाळी घातली, मासा एका फटक्यात आला आणि त्याचे काटे जाळीच्या भोकांत असे गुंतले की सुटेनात. तो तडफडतोय, मी घाबरलेय, आणि त्याला सोडवायला मी बोटं घातली. त्यानंतरचं मला फक्त खांद्यापर्यंत आठवतं. बोटात कुणी तापलेली सळई घालून फिरवावी आणि ती दंडातून वर सरकत यावी.

तुम्ही धावत आलात. आधी कात्री घेऊन पाण्यातल्या पाण्यात जाळी कापलीत, मासा मोकळा केलात, आणि तोंडाने मला सांगत होतात की किंचाळायचं असेल तर किंचाळ, पण हात खाली ठेव. मग गॅसवर पातेलं. "सोसेल तितकं गरम पाणी, हाच पहिला उपाय. पण दुखऱ्या हाताला गरम किती ते कळत नाही, भाजून घेशील." म्हणून तुम्ही स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी त्याच पातेल्यात घातलात. पाणी निवलं की डाव्या हाताने नवीन ओतायचात, चटका आधी तुम्हाला. तास सव्वा तास आपण दोघी स्वयंपाकघरात स्टुलांवर बसलो होतो, एका पातेल्यात हात घालून. माझं रडणं थांबावं म्हणून तुम्ही प्रश्न विचारायला लागलात, आणि ते सगळे पहिल्या पेपरातले होते, जो होऊन गेला होता. मला येणारेच विचारत होतात. माझ्या लक्षात आलं होतं. मग रिक्षाने डॉक्टरकडे, इंजेक्शन, परत. तुमचा हात मनगटापर्यंत लालबुंद झाला होता आणि डॉक्टर आधी तुमचाच बघायला लागले.

आता ते सांगते. सोमवारी सकाळी सूज उतरली. सोमवारी दुपारी मी खोलीवर त्याच हाताने कपडे धुतले. मंगळवारी हॉलमध्ये बसले तेव्हा बोटावर एक लाल ठिपका होता, बस. हात दुखत नव्हता, बाई. पेपरात जीवरसायन होतं आणि मला ते येत नव्हतं. दोन मोठे प्रश्न मी कोरे सोडले आणि उरलेल्या वेळात खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर आले तर अब्बांचा फोन. ते शाळेतून अर्धी रजा टाकून फोनपाशी बसले होते, हे मला माहीत होतं. "कैसा गया बेटा?" आणि माझ्या तोंडून निघालं, "अब्बा, हाताला विषारी मासा चावला होता, लिहिताच आलं नाही." नाचता येईना अंगण वाकडं, पण इतकं देखणं अंगण कुणाला मिळालं नसेल. अब्बा म्हणाले, "पहले हाथ देख बेटा. पेपर का क्या है."

मला वाटलं, ही थाप आमच्या घरातच राहील. पण माझे अब्बा शिक्षक. ज्या बाईंनी पोरीचा हात वाचवला त्यांचे आभार मानायला त्यांनी संध्याकाळी तुम्हालाच फोन केला, आणि पेपर गेल्याचं तुम्हाला त्यांच्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावून घेतलंत. मी आले तेव्हा टँकचे दिवे बंद होते आणि तुम्ही लोणच्याच्या दोन मोठ्या प्लास्टिकच्या बरण्या धुऊन ठेवल्या होत्या, कारण पिशव्या यांच्या काट्यांनी फुटतात. "घरात विषारी जीव ठेवायचा आणि परीक्षेच्या तोंडावर मुलीला त्यात हात घालायला लावायचा. अक्कल गहाण टाकली होती मी," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, चूक माझी, तुम्ही जग सांगितला होता. तेवढं मी म्हटलं. ते खरं होतं आणि पुरेसं नव्हतं. तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत. फोन उचललात आणि माझ्यासमोर अब्बांना म्हणालात, "गुरुजी, नुकसान माझ्या घरात झालंय. भरपाई मी करणार. मुलीला एक वर्ष द्या, माझ्याकडे राहील." आणि अब्बांनी, ज्यांनी स्थळाला होकार कळवायची तयारी केली होती, तुमच्या एका वाक्यावर वर्ष दिलं.

मासे ज्या दुकानातून आणले होते तिथेच परत नेऊन दिलेत. एका बरणीत चार, एकीत तीन. रिक्षात तीनची बरणी माझ्याकडे होती. आत ते तिघं तळाशी एकमेकांत घुसून बसले होते, बाकीचे चार कुठे गेले ते त्यांना कळत नसणार. एका वळणावर रिक्षा कलली तशी मी बरणी घट्ट धरली, आणि तुम्ही पटकन म्हणालात, "अगं, डाव्या हातात घे. उजव्याला ताण नको." मी बरणी डाव्या हातात घेतली. सांगायला त्याहून चांगली वेळ आली नसती. मी सांगितलं नाही.

ते वर्ष मी तुमच्याकडे राहिले. टँक होता तिथे माझं टेबल लागलं, भिंतीवर खारट पाण्याचा डाग तसाच होता. पहिल्याच आठवड्यात मी तुमची वही वाचून काढली. तीन दिवस लागले, बाई. तीन दिवसांचं काम होतं ते. त्यानंतर मी जो अभ्यास केला तो भीतीने नव्हे, लाजेने केला, आणि लाज फार चांगला शिकवणीवर्ग आहे असं माझं मत आहे. मोठी परीक्षा तरीही निघाली नाही. पण दुसरी निघाली, इथेच दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरी लागली, आणि मी परत गेले नाही. परभणीच्या त्या मुलाचं चांगलं झालं असं ऐकते. माझंही झालं. आज माझ्याकडे जे आहे, ही नोकरी, मयूर विहारमधलाच हा छोटा फ्लॅट, मला माझ्या मर्जीने मिळालेला नवरा, मराठीत ओरडा खाऊन हिंदीत उत्तर देणारी मुलगी, ते सगळं तुमच्या त्या एका फोनवर उभं आहे. तुम्ही मला नुसतं शिकवलं असतंत तरी मी जन्मभर नाव काढलं असतं. तुम्ही तर स्वतः न केलेल्या चुकीची भरपाई केलीत, आणि हसतमुखाने, रोज सकाळी आल्याचा चहा करून.

तुम्ही पुण्याला मुलाकडे गेलात आणि तिथेच गेलात, त्याला बारा वर्षं होतील. त्याआधी कितीदा तरी संधी होती. कधीकधी मनात येतं की तुम्हाला कळलं असणार, पेपरानंतर आठवड्याभरात मी तुमच्या ओट्यावर पोळ्या लाटत होते, तुम्हाला काय दिसत नव्हतं का. पण हे मी माझ्या सोयीसाठी म्हणते. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत. तुम्ही मीठसुद्धा सोडलं नव्हतंत. तुम्हाला माहीत नव्हतं, आणि त्या रिकाम्या भिंतीकडे बघत तुम्ही संध्याकाळच्या बसायचात ते खऱ्या अपराधी मनाने, हे मला पत्करलंच पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी मी हे मासे आणले. सहा होते, आता चार आहेत, वीतभर लांब झालेत आणि गोळा करून फिरायचे दिवस संपले त्यांचे. प्रत्येकाने आपापली कपार धरली आहे. जग मी काचेशेजारीच टांगून ठेवते. पण काल काच पुसताना फिल्टरच्या नळीमागे एक जण बसलाय हे बघितलंच नाही. मुलगी ओरडली, "अम्मी, ॲम्ब्युलन्स बुलाऊं क्या?" मी म्हटलं, पाणी तापव, मोठ्या पातेल्यात. ती भराभरा कामाला लागली, आणि पाणी आणल्यावर मी तिला तिचा हातही आत घालायला सांगितला. दोघी स्टुलांवर बसलो. "हे तुला कोणी शिकवलं?" तिने विचारलं, आणि मी तुमचं सगळं सांगितलं, पोहे, मंडळी, मीठ, जाळी, कात्री, तुमचा लाल हात. ती इतकं मन लावून माझं बोलणं कधी ऐकत नाही. "मग पेपर?" "पेपर गेला," मी म्हटलं, "हात सुजला होता ना." आणि तुम्ही मासे देऊन टाकल्याचंही सांगितलं. तिने डाव्या हाताने पातेल्यात गरम पाणी ओतलं. मग म्हणाली, "बिचाऱ्या बाई. त्यांना कितना बुरा लगा होगा."

दुखणं एव्हाना थांबलं होतं. तरी मी हात काढला नाही.

तुमच्या फ्लॅटच्या दारावर आता दुसऱ्यांची पाटी आहे, तेव्हा हे कागद कुठे टाकायचे हा प्रश्नच नाही, माझ्याच खणात राहतील. मुलगी पलीकडच्या खोलीत गणितं सोडवते आहे, हाक मारली तर इथूनच ऐकू जाईल. तरीही मी हे तुम्हालाच लिहिलं, बाई, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही.